‘झिंगाट’ : एका गीताचे पाठ व पाठांतरें

(१)

ग्रंथाच्या पोथ्या मिळवाव्यात, त्या एकमेकींशीं ताडून पाहाव्यात, आणि कोणता पाठ मूळचा व कोणता मागाहून शिरलेला याचा निर्णय करावा, ही पद्धति आपल्या संशोधकांच्या चांगली अंगवळणीं पडलेली आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून, १२५९ हस्तलिखितांच्या आधारें महाभारताची चिकित्सित आवृत्ति सिद्ध केली. तेव्हांपासून तर या पद्धतीस आपल्याकडे शास्त्राचीच प्रतिष्ठा आली. परंतु जें गीत पोथींत नसून लोकांच्या तोंडीं आहे, ज्याच्या प्रती लेखक उतरून घेत नसून वाजंत्री वाजवून घेतात, त्याच्या पाठांकडे या दृष्टीनें पाहिल्याचें सहसा आढळत नाहीं. प्रस्तुत लेखांत तसा एक अल्प प्रयत्न करावयाचा आहे. विषय ‘सैराट’ या चित्रपटांतील ‘झिंगाट’ हें गीत होय.

विषयाचें नांव वाचून कित्येक वाचकांच्या कपाळास आठी पडेल, हें मी जाणून आहें. ज्याचा जन्म शब्दरूपावलि घोकून घेण्यांत गेला, त्यानें वरातींतल्या गाण्याची चिकित्सा आरंभावी हें विपरीत दिसतें खरें. माझ्याहि कपाळास एके काळीं तीच आठी पडली होती, व तिचा हिशेब पुढें द्यावयाचाच आहे. तूर्त इतकेंच सांगतों कीं, हा विषय घेण्यास दोन कारणें आहेत. एक, हें गीत आमच्या सोलापूर जिल्ह्याच्या मातींत उगवलेलें आहे. चित्रपटाचे दिग्दर्शक नागराज मंजुळे हे करमाळे तालुक्यांतील जेऊरचे, नायिकेचें काम करणाऱ्या रिंकू राजगुरू अकलूजच्या, आणि चित्रण बहुतांशीं करमाळे तालुक्यांतील. दुसरें कारण शास्त्राचें आहे. प्राचीन ग्रंथाचा मूळ पाठ हरवलेला असतो व त्याच्या शाखा तेवढ्या हातीं असतात. येथें मूळ पाठ तारखेसह उपलब्ध आहे, आणि त्याच्या शाखा आपल्या डोळ्यांदेखत फुटल्या. पाठ कां बदलतो, हें पाहण्यास याहून चांगली संधि कोणती?

(२)

प्रथम मूळ पाठ. ‘सैराट’ हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजीं प्रदर्शित झाला. त्याचें संगीत अजय व अतुल गोगावले या बंधूंचें. चित्रपटांत गीतें अवघीं चार आहेत, आणि त्यांपैकीं ‘झिंगाट’ हें या बंधूंनींच गाइलेलें आहे. या चित्रपटाच्या संगीतासाठीं लॉस एंजेलिस येथील सोनीच्या ध्वनिमुद्रणगृहांत पाश्चात्य वाद्यवृंद बसविण्यांत आला होता. बाकीच्या गीतांत सारंग्यांसारख्या तंतुवाद्यांचे ते विस्तीर्ण स्वरसमूह ऐकूं येतात. ‘झिंगाट’चा प्रकृतिधर्म मात्र निराळा. तें सर्वस्वीं ठेक्याचें गीत आहे. हलगी-ताशाच्या चालीचा दुगणींतला ठेका विद्युत् वाद्यांनीं भरून काढलेला, आणि त्यावर धांवणारे शब्द, असें त्याचें रूप आहे. चित्रपट मराठींत शंभर कोटींहून अधिक उत्पन्न करणारा पहिला ठरला. त्या उन्हाळ्यांत चित्रगृहांतून हें गीत लागतांच प्रेक्षक पडद्यापुढें येऊन नाचत, पैसे उधळीत, अशा बातम्या वृत्तपत्रांतून येत होत्या.

गीताचा आशय थोडक्यांत सांगतां येतो. एक तरुण सजून, दाढी करून, अत्तर लावून दुरून आलेला आहे. गुडघ्याला बाशिंग बांधून बसल्यासारखी त्याची स्थिति आहे, आणि आपल्या उतावीळपणाची तो स्वतःच थट्टा करीत आहे. यांत काव्य कोठें आहे, असें विचारणाऱ्यास माझें उत्तर असें कीं, तें क्रियापदांत आहे. ‘आलोया’, ‘झालोया’ हीं रूपें पाहा. ग्रांथिक भाषेंत ‘आलों आहें’. बोलण्यांत त्याचें ‘आलोय’. आणि आमच्याकडील खेड्यांत त्याच्या शेवटीं एक ‘आ’ लागून ‘आलोया’. या शेवटच्या ‘आ’कारांत सारी ऐट आहे. ‘मी’ हा शब्द उच्चारण्याची गरजच पडत नाहीं; क्रियापदाच्या शेपटांतच ‘मी’ छाती काढून उभा असतो. अशीं रूपें एकापुढें एक आलीं म्हणजे त्यांचें यमक होतें आणि त्या यमकावरच ठेका पडतो. व्याकरण व ताल यांचा असा सांधा ज्यास साधला, त्यास शब्दांचें ज्ञान नाहीं असें कोण म्हणेल?

आतां ध्रुवपदांतील ‘झिंगाट’ हा शब्द. मराठींत ‘आट’ हा प्रत्यय दोन ठिकाणीं लागतो. कडकडाट, गडगडाट, लखलखाट हीं अनुकरणवाचक द्विरुक्तीपासून झालेलीं नामें. मोकाट, भन्नाट, सैराट हीं विशेषणें व क्रियाविशेषणें. यांत बंधन सुटल्याचा अर्थ आहे. ‘झिंग’ यापासून झालेला ‘झिंगाट’ या दुसऱ्या कुळांतला, आणि चित्रपटाच्या नांवाचा सख्खा भाऊ. ‘सैराट’चें मूळ ‘स्वैर’ या शब्दांत असावें असा माझा तर्क आहे. तो मान्य होवो वा न होवो, एवढें निश्चित कीं नांव व ध्रुवपद यांचा प्रत्यय एकच ठेवण्यांत एक अर्थ साधलेला आहे. दोन्ही शब्द सुटण्याचे आहेत. कशापासून सुटावयाचें, तें चित्रपट सांगतो.

कारण हें गीत चित्रपटांत कोठें येतें, हें विसरतां कामा नये. पाटलाच्या घरीं नायिकेच्या भावाचा वाढदिवस आहे, सारें गांव जमलें आहे, आणि मासे धरून पोट भरणाऱ्या, खालच्या समजल्या गेलेल्या जातींतील कुटुंबाचा मुलगाहि त्या गर्दींत नाचतो आहे. त्याच रात्रीं त्या दोघांचें प्रेम उघडकीस येतें. पुढें मारहाण, पलायन, हैदराबादेंतील हालअपेष्टा, आणि अखेर खून. चित्रपटाचा शेवट निःशब्द आहे. तेथें एक स्वरहि वाजत नाहीं. म्हणजे ‘झिंगाट’ हा कथेंतील आनंदाचा शेवटचा क्षण, आणि शेवटची शांतता हें त्याचें उत्तर. गीत व शांतता यांचा हा जोड हाच माझ्या मतें मूळ पाठाचा अर्थ होय.

(३)

पाठांतरांकडे वळण्यापूर्वीं एक गैरसमज दूर केला पाहिजे. एकाची चाल दुसऱ्या शब्दांस लावणें हें आजच्या चित्रपटवाल्यांनीं काढलेलें सोंग आहे, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुस्थिति तशी नाहीं. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणलें, तेव्हां पदांच्या डोक्यावर ‘चाल अमुक’ असें लिहिण्याचीच रीति होती. साकी, दिंडी, लावणी यांच्या जोडीला कानडी चालीहि त्या नाटकांत आल्या. वाचकाने जुन्या चालीवर नवें पद म्हणावें अशी ती उघड सोय होती, आणि त्यांत कोणास चोरी दिसली नाहीं. बोलपटांच्या आरंभीं प्रभात कंपनीनें ‘अयोध्येचा राजा’ १९३२ सालीं मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत काढला. १९३९ च्या ‘माणूस’मध्यें शांता हुबळीकरांच्या तोंडचें ‘कशाला उद्याची बात’ हें गीत तर एकाच गीतांत अनेक प्रांतांच्या भाषा घेऊन येतें, व ‘आदमी’ या हिंदी आवृत्तींत त्याचा पहिला शब्दहि बदलतो. संगीत मास्तर कृष्णरावांचें, गाणारी बाई कर्नाटकांतली, आणि चाल सर्वांची.

खुद्द अजय-अतुल यांच्या हातूनहि हा प्रयोग पूर्वीं झालेला होता. ‘जत्रा’ या २००६ च्या चित्रपटांत त्यांनीं ‘कोंबडी पळाली’ हें गीत केलें. शब्द जितेंद्र जोशी यांचे, गाणारे आनंद शिंदे व वैशाली सामंत. आनंद शिंदे यांचें घराणें आमच्या शेजारच्या मंगळवेढ्याचें, हें जातां जातां सांगण्यास हरकत नाहीं. हीच चाल २०१२ च्या ‘अग्निपथ’ या हिंदी चित्रपटांत ‘चिकनी चमेली’ होऊन आली; शब्द अमिताभ भट्टाचार्य यांचे, आवाज श्रेया घोषाल यांचा. येथें झालेला बदल लक्षांत घेण्यासारखा आहे. मराठींत तें स्त्री-पुरुषांचें जत्रेंतलें सवालजबाबाच्या वळणाचें गीत होतें. हिंदींत तें एकट्या नर्तकीचें झालें, पुरुष बोलावयाचा थांबला व पाहावयास बसला. चाल तीच राहिली, परंतु गाण्यांतील माणसांचें एकमेकांशीं असलेलें नातें पालटलें. पाठांतराची खरी खूण शब्दांतच शोधावी असें नाहीं. ती नात्यांतहि सांपडते, हा धडा पुढें उपयोगी पडणार आहे.

(४)

‘सैराट’च्या कथेचा प्रवास पुष्कळ झाला. २०१७ त ती पंजाबींत ‘चन्ना मेरेया’ व ओडियांत ‘लैला ओ लैला’ झाली, २०१८ त बंगालींत ‘नूर जहाँ’ झाली. गीताच्या दृष्टीनें मात्र दोन शाखा मुख्य समजाव्या लागतात : कानडी ‘मनसु मल्लिगे’ (मार्च २०१७, दिग्दर्शक एस्. नारायण) आणि हिंदी ‘धडक’ (२० जुलै २०१८, दिग्दर्शक शशांक खेतान). या दोहोंचें संगीत मूळ संगीतकारांचेंच आहे. म्हणजे येथें परक्या लेखकानें केलेली प्रत नसून ग्रंथकारानेंच केलेली दुसरी आवृत्ति आहे. पोथीशास्त्रांत असा योग क्वचित् येतो.

कानडी शाखेंत नायिकाहि तीच आहे. रिंकू राजगुरू यांनींच तें काम केलें. आमच्या जिल्ह्यास कानडी मुलूख लागून आहे, अक्कलकोट-दक्षिण सोलापुराकडे घरोघर दोन्ही भाषा चालतात, आणि आषाढींत मोहोळावरून पंढरीस जाणाऱ्या कानडी यात्रेकरूंच्या गाड्यांवर हें गीत मीं अनेकदां ऐकलें आहे. ऐकतांना तें परकें वाटत नाहीं. याचें एक कारण शेजार हें असेल, परंतु दुसरें व्याकरणाचें आहे. कानडी क्रियापदाच्या शेवटीं पुरुषवाचक प्रत्यय असतो. ‘बंदे’ म्हटलें कीं ‘मी आलों’. ‘मी’ निराळा सांगावा लागत नाहीं. मराठी ‘आलों’ याचीहि तीच घडण आहे. हिंदींत मात्र ‘आया’ या रूपांत मीहि नाहीं, तूंहि नाहीं, तोहि नाहीं. ‘मैं’ किंवा ‘हूँ’ बाहेरून आणून बसवावा लागतो. ज्या गीताची सारी ऐट क्रियापदाच्या शेपटावर उभी आहे, त्याचें हिंदींत भाषांतर करणारा कवि कितीहि कुशल असला तरी ती ऐट त्याला दुसरीकडून उसनी आणावी लागणार. हिंदी शब्द अमिताभ भट्टाचार्य यांचे आहेत, आणि ते या कामांत नवशिके नव्हते हें ‘चिकनी चमेली’वरून दिसतेंच. त्यांनीं शब्दशः भाषांतर न करतां शहरी तरुणाच्या बोलींत नवीन शब्द रचले. गुडघ्याच्या बाशिंगास हिंदींत जोड नाहीं, हें ओळखून घेतलेला हा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो.

तथापि एक शब्द त्यांनीं बदलला नाहीं. ‘झिंगाट’ हिंदींतहि ‘झिंगाट’च राहिला. ‘आट’ प्रत्ययाचा अर्थ मराठी कानास कळतो; हिंदी श्रोत्यास तो केवळ ध्वनि आहे. यास्काचार्यांनीं निरुक्तांत कौत्साचें मत दिलें आहे कीं, मंत्रांस अर्थ नसतो. आणि त्याचें एक प्रमाण असें कीं, मंत्रांतील शब्द व त्यांचा क्रम ठरलेला असतो, तेथें दुसरा शब्द घालतां येत नाहीं. यास्कांनीं उत्तर दिलें कीं, व्यवहारांतहि असे ठरलेले शब्दक्रम आहेत, तेवढ्यानें ते निरर्थक होत नाहींत. ‘झिंगाट’च्या बाबतींत दोघांचेंहि म्हणणें आलटून पालटून खरें झालें. मराठींत तो यास्कांचा शब्द होता. सीमा ओलांडतांच कौत्साचा झाला. ज्या शब्दास पर्याय चालत नाहीं तो मंत्र, आणि मंत्राचें भाषांतर कोणी करीत नाहीं.

महाभारताच्या चिकित्सेंत डॉ. विष्णु सीताराम सुखठणकरांनीं जी पद्धति वापरली, तिचें एक सूत्र असें कीं, दोन पाठांत जो अवघड तो बहुधा जुना. कारण उतरून घेणारा अवघडाचें सोपें करतो, सोप्याचें अवघड करीत नाहीं. हिंदी पाठास हें सूत्र तंतोतंत लागतें. स्थळ करमाळ्याच्या रानांतून उदेपूरच्या वाड्यांत व सरोवरांत गेलें. बोली गेली व सर्वांस समजेल अशी भाषा आली. आणि मूळ कथेंत जो जातीचा प्रश्न लख्ख होता तो तेथें फिका झाला, असा आक्षेप त्या वेळीं बहुतेक टीकाकारांनीं घेतला. हा आक्षेप बरोबर आहे. मूळच्या चार चालींपैकीं हिंदींत ‘झिंगाट’ व ‘याड लागलं’ या दोनच घेतल्या, व दुसरीस ‘पहली बार’ हें नवें रूप दिलें, हेंहि सोपें करण्याचेंच लक्षण.

परंतु एवढ्यावरून ‘हिंदीवाल्यांनीं आमचें गाणें बिघडविलें’ असा जो निकाल आपल्याकडे अनेकांनीं दिला, तो मला पटत नाहीं. चिकित्सक आवृत्तींत मागाहूनचा पाठ फेंकून देत नाहींत. तो तळटीपेंत छापतात. कारण तो मूळ ग्रंथाविषयीं कांहीं सांगत नसला तरी ज्यांनीं तो स्वीकारला त्यांच्याविषयीं पुष्कळ सांगतो. हिंदी ‘झिंगाट’ हा कोणाला काय नको होतें याचा पुरावा आहे. तो कोणाला नको होतें, हें मात्र केवळ मुंबईकडे बोट दाखवून सुटणारें कोडें नाहीं. त्याचें एक उत्तर मला माझ्याच तालुक्यांत, माझ्याच हस्ताक्षरांत मिळालें.

(५)

२०१७ च्या जानेवारींत मी ज्या शाळेंत होतों तेथील स्नेहसंमेलनाची कार्यक्रमपत्रिका तपासण्याचें काम माझ्याकडे होतें. दहावीच्या मुलामुलींनीं ‘झिंगाट’वर समूहनृत्य बसविलें होतें. पुढच्या ओळींत एक मुलगा ओढ्यापलीकडच्या वस्तींतला व त्याच्या शेजारीं एक मुलगी मोठ्या बागाईतदाराच्या घरची. तालमीच्या तिसऱ्या दिवशीं दोन गृहस्थ मला भेटावयास आले. ते रागानें बोलले नाहींत. “गुरुजी, गाणं काय बरं वाटत नाही. तुम्हीच बघा,” इतकेंच म्हणाले व चहा घेऊन गेले. मीं पाहिलें. पत्रिकेंतील त्या ओळीवर रेघ मारली व समासांत कारण लिहिलें : ‘गीताची भाषा अशिष्ट.’

त्या जागीं मुलींचें एक हिंदी गीत घेतलें. त्याचे शब्द मीं वाचलेहि नाहींत. वाचले असते तर अशिष्ट या शब्दाचा अर्थ तरी कळला असता. ती मुलगी त्या वर्षाच्या परीक्षेपर्यंत शाळेंत येत होती. पुढें तिचें शिक्षण थांबलें. कारण मीं विचारलें नाहीं.

आतां पुढचा पाठ पाहा. २०१९ च्या जानेवारींत, माझ्या सेवानिवृत्तीच्या वर्षीं, त्याच व्यासपीठावर ‘झिंगाट’ झालें. मुलें-मुली एकत्र होतीं, पालकांनीं टाळ्या दिल्या, आणि मीं पत्रिकेवर सही केली. फरक इतकाच कीं, तें हिंदी ‘झिंगाट’ होतें. चाल तीच, ठेका तोच, ध्रुवपदहि तेंच. मग भाषेचा आक्षेप गेला कोठें? ‘आलोया’ म्हणणारा मुलगा कोठल्या वस्तींतून आला हें सर्वांस ठाऊक होतें. हिंदींतला मुलगा कोठूनच आलेला नव्हता. मराठी पाठ नाचणाऱ्यांस पत्ता देत होता, हिंदी पाठानें तो पुसला, म्हणून तो चालला. अशिष्ट म्हणून मीं जें कापलें तें शब्द नव्हते. शेजारी शेजारी उभें राहणें होतें. व्याकरणाचा व रुचीचा आधार घेऊन मीं दुसऱ्याच कोणाचा निर्णय लिहून दिला. उदेपुरास गेलेल्या पाठावर जे दोषारोप झाले, त्यांतला अर्धा भाग आमच्या शाळेच्या त्या समासांत आधींच लिहिला गेला होता.

ही हकीकत येथें देण्याचें कारण आत्मनिंदेची हौस नव्हे. टीकाकाराची रुचि हीहि पाठ ठरविणारी एक शक्ति आहे, आणि ती बहुधा आपलें खरें कारण लिहीत नाहीं, हें चिकित्सेच्या दृष्टीनें महत्त्वाचें आहे. जुन्या पोथ्यांतून एखादा श्लोक गळलेला दिसला म्हणजे आपण ‘लेखकाचा प्रमाद’ म्हणून पुढें जातों. प्रत्येक वेळीं तो प्रमादच असेल काय?

(६)

यापुढचे पाठ मुद्रित नाहींत. ते रस्त्यावरचे आहेत. ते मला समजावून सांगणारा तो मुलगाच होय, ज्याचें नृत्य मीं कापलें. तो आतां एका बॅंजो पार्टींत हलगी वाजवतो. दोन वर्षांपूर्वीं एका वरातींत मला ओळखून तो पायां पडला व हंसत म्हणाला, “सर, तुम्ही नको म्हणालात तेच आता रोज वाजवतो. पोट त्याच्यावरच आहे.” मीं त्यास एके दिवशीं घरीं बोलावून घेतलें, व तो सांगत गेला तें टिपून ठेवलें.

त्याच्या सांगण्यावरून व माझ्या ऐकण्यावरून मोहोळकडे या गीताचे निदान चार लौकिक पाठ आहेत. पहिला ब्रास बॅंडचा. यांत शब्द नसतात. चाल ट्रंपेटवर घेतात, आणि जेथें मूळ गाणारा श्वास न घेतां शब्द फेंकतो तेथें वाजविणारास श्वास घ्यावाच लागतो, म्हणून दोन ओळींत एक खळी पडते. नाचणारे त्या खळींत टाळी देतात. म्हणजे वादकाची अडचण हीच नाचाची शोभा झाली. दुसरा बॅंजो पार्टीचा. यांत हलगी पुढें असते, ठेका मुळापेक्षां जलद, आणि एक ध्रुवपदच दहा-दहा मिनिटें चालतें. अंतरे जवळजवळ गळून गेले आहेत. तिसरा ध्वनिक्षेपकांच्या भिंतीचा, ज्यास लोक डीजे म्हणतात. यांत मूळ आवाज आहे परंतु तुकडे तुकडे करून, मध्यें दुसऱ्या गाण्यांचे सांधे घालून. चौथा शब्द बदललेला : त्याच चालीवर निवडणुकींत उमेदवाराचें नांव, जयंतीच्या मिरवणुकींत थोर पुरुषाचें, आणि नागनाथाच्या यात्रेच्या दिवसांत देवाचेंहि नांव ऐकूं येतें. जलशांची व भजनी मंडळांची जी जुनी रीति, कीं लोकांस ठाऊक असलेल्या चालींत आपलें म्हणणें घालावें, तीच ही.

या चारहि पाठांत एक गोष्ट समान आहे. अंतरे जातात, ध्रुवपद राहतें. कथा जाते, ठेका राहतो. त्या मुलास मीं विचारलें, “सिनेमात या गाण्यानंतर काय होतं, ते वाजवताना मनात येतं का?” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “वाजवताना नाही येत, सर. वरात नवरीच्या दारात थांबती, आम्ही वाजवायचं बंद करतो, तेव्हा येतं.”

मूळ पाठाचा अर्थ गीत व शांतता यांच्या जोडींत आहे, असें मीं वर म्हटलें. तो अर्थ सर्व पाठांतरांत लोपला असें मी समजत होतों. तो छापील पाठांत लोपला असेल. वाजविणाऱ्याजवळ तो शिल्लक आहे. ज्या अंगणांत त्याला पाहुणा म्हणून कोणी बोलावणार नाहीं त्या अंगणाच्या दारापर्यंत तो वरात नेऊन पोंचवितो, आणि तेथें थांबतो.

(७)

शेवटीं उपयोगाची गोष्ट. १८९१ सालीं ॲकवर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनीं गोंधळ्यांच्या तोंडून मिळवून इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे छापले. त्या काळच्या शिष्ट मंडळींस गोंधळ्याचें गाणें वाङ्मय वाटत नव्हतें. आज त्या संग्रहावांचून आपल्या इतिहासाचें पान हलत नाहीं. सोलापूरचा रामजोशी वैदिक घराण्यांतला, संस्कृत जाणणारा. तो तमाशाच्या फडांत शिरला म्हणून घरच्यांनीं त्यास दूर केलें. आज सोलापूर त्याच्या नांवानें मिरवतें. शिष्टत्वाचा निर्णय किती वर्षें टिकतो, हें यावरून कळण्यासारखें आहे.

चित्रपटाचा पाठ सुरक्षित आहे. त्याची काळजी करणारे पुष्कळ आहेत. ट्रंपेटवाल्याचा, हलगीवाल्याचा व मिरवणुकींतल्या शब्दांचा पाठ मात्र दर वर्षीं बदलतो व मागचा नाहींसा होतो. संशोधक मंडळींनीं आपापल्या तालुक्यांत असे पाठ ध्वनिमुद्रित करून, गांव, तिथि, प्रसंग व वाजविणाऱ्यांचें म्हणणें यांसह नोंदवून ठेवावेत, अशी माझी विनंति आहे. नोंदवितांना एक पथ्य पाळावें : कोणता पाठ कोणीं गाऊं दिला नाहीं, हेंहि लिहावें, आणि कारण जें दिलें गेलें तें व जें खरें होतें तें, अशीं दोन्हीं लिहावींत. मोहोळपुरता आरंभ मीं केला आहे. माझ्या वहींतील पहिली नोंद २०१७ ची आहे, आणि तिच्यापुढें दोन्ही कारणें मीं माझ्या हातानें लिहिलीं आहेत.